तुमची पोस्ट स्पॅम का ठरते?

कार्यशाळेची माहिती वीस-पंचवीस ग्रुपमध्ये टाकली आणि तासाभरात सगळीकडून उडाली. नव्या पुस्तकाची लिंक दिली तर ‘ही पोस्ट स्पॅमसारखी वाटते’ असा निरोप आला. कधी तर निरोपही येत नाही. एरवी दोन-तीनशे लोक बघतात तिथे आकडा आठ-दहाच्या पुढे सरकतच नाही. लिहिणारे, चित्रं काढणारे, शिकवणारे, स्वतःच्या बळावर छोटं काम उभं करणारे, सगळ्यांकडून ही तक्रार ऐकू येते. तिच्यातला राग रास्त आहे. काम खरं, माणूस खरा, माहिती खरी. मग भामट्यांच्या रांगेत आपल्याला का उभं केलं?

याचं उत्तर शोधताना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. स्पॅम अडवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे फिल्टरला, तुमचा हेतू कळत नाही आणि कामाचा दर्जाही कळत नाही. ज्यांनी मागितलं नव्हतं अशा किती जणांपुढे तुम्ही तीच गोष्ट किती वेगाने ठेवली, आणि त्यांनी तिचं काय केलं, एवढंच त्याला मोजता येतं.

खरी जाहिरातही स्पॅम असते

स्पॅम म्हणजे फसवणूक, असा सर्रास समज आहे. इतिहास वेगळं सांगतो. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे 400 लोकांना एकच संदेश धाडला: आमचे नवे संगणक कॅलिफोर्नियात बघायला या. पत्ते इतके होते की ते ठरलेल्या जागेत मावले नाहीत आणि मजकुरात सांडले. लोक भडकले, जाळं चालवणाऱ्यांकडून कानउघाडणी झाली. पण संगणक खरे होते, प्रात्यक्षिकही खरंच होणार होतं, आणि त्यातून विक्री झाली असं थर्क पुढे अनेकदा सांगत आले.

दुसरं मोठं प्रकरण एप्रिल 1994 मधलं. ॲरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीसाठी आपल्या सेवेची जाहिरात यूजनेट या तेव्हाच्या चर्चाजाळ्यावरच्या पाच हजारांहून जास्त चर्चागटांत टाकली. कुठे गणितावर बोलणं चाललेलं, कुठे पाळीव प्राण्यांवर. जाहिरात मात्र सगळीकडे तीच.

दोन्ही ठिकाणी खोटं काही नव्हतं. स्पॅमची व्याख्या म्हणून दोनच गोष्टींवर उभी राहते: न मागितलेलं आणि घाऊक. एक संदेश पाठवायचा किंवा एक लाख, पाठवणाऱ्याच्या खिशाला फारसा फरक पडत नाही. प्रत्येक वाचणाऱ्याचे मात्र काही सेकंद जातात, आणि असे हजार पाठवणारे रोज आले की ती जागा बोलण्यालायक राहत नाही. लाखात दोघांनी जरी प्रतिसाद दिला तरी पाठवणाऱ्याचा फायदाच, म्हणून स्पॅम आपोआप कधीच थांबत नाही.

पहिली पिढी शब्द मोजायची

सुरुवातीचे फिल्टर साधे होते: अमुक शब्द दिसला की अडवा. ते फार टिकले नाहीत, कारण शब्दात एखादं अक्षर बदललं की काम भागायचं. खरी झेप पुढे संभाव्यतेच्या गणितामुळे आली. 1998 मध्ये काही संशोधकांनी ते ईमेलला लावून दाखवलं आणि 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरच्या एका लेखानंतर ते घराघरांतल्या मेलबॉक्सपर्यंत पोहोचलं. त्यामागचा नियम थॉमस बेझ या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मगुरूचा, म्हणून या फिल्टरांना बेझियन म्हणतात.

कल्पना समजायला सोपी आहे. लोकांनी स्वतः स्पॅम ठरवलेले शंभर संदेश घ्या आणि नेहमीचे शंभर घ्या. समजा ‘फुकट’ हा शब्द पहिल्या ढिगात चाळीस संदेशांत सापडला आणि दुसऱ्यात दोनच. मग नव्या संदेशात ‘फुकट’ दिसला की पारडं वीस पटींनी स्पॅमकडे झुकतं. त्याच संदेशात ‘आजीची तब्येत’ असेल तर ते परत फिरतं. असा प्रत्येक शब्द आपलं वजन टाकतो आणि शेवटी एक आकडा हाती येतो. एकट्या शब्दावरून निकाल लागत नाही, आणि लोक जसे नवे संदेश स्पॅम म्हणून टाकत जातात तसा फिल्टर शिकत जातो.

स्पॅमवाल्यांनी यावरही तोड काढली. जाहिरातीच्या खाली कादंबरीतले उतारे चिकटवायचे, म्हणजे निरुपद्रवी शब्दांनी वजन खाली येतं. मजकूर चित्रात लपवायचा. इंग्रजी ‘ए’ऐवजी रशियन लिपीतलं हुबेहूब तसंच दिसणारं अक्षर घालायचं, डोळ्याला शब्द तोच, यंत्राला वेगळा. आणि आता भाषा लिहिणारी एआय हाताशी आल्यावर एकच जाहिरात हजार वेगवेगळ्या वाक्यांत लिहून घेणं अगदीच सोपं झालंय. शब्दांवर विसंबून भागणार नाही, हे कंपन्यांना मात्र त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

आता नजर वागण्यावर असते

व्हॉट्सॲपचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. तिथले संदेश एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच, खुद्द कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. तरीही 2019 मध्ये कंपनीने जाहीर केलं की घाऊक किंवा आपोआप संदेश पाठवणारी 20 लाखांहून जास्त खाती ती दर महिन्याला बंद करते, आणि त्यांतल्या 75 टक्क्यांहून जास्त खात्यांविरुद्ध अलीकडे कोणी तक्रारही केलेली नसते. मजकूर न वाचता हे कसं जमतं? पोस्टमन पाकीट फोडत नाही, पण कालच राहायला आलेल्या एका माणसाने आज एकाच आकाराची दोन हजार पाकिटं अनोळखी पत्त्यांवर टाकली आणि उत्तर एकाचंही आलं नाही, हे त्याला दिसतंच. व्हॉट्सॲपला एवढंच दिसतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मजकूर वाचता येतो अशा ठिकाणीही मोठं वजन वागण्यालाच असतं. खातं किती जुनं आहे, दोन पोस्टींमध्ये किती सेकंद गेले, अनोळखी लोकांना पाठवलेल्या संदेशांना उत्तरं येतात का, लिंक ज्या संकेतस्थळावर नेते ते कधी सुरू झालं, त्या लिंकबद्दल इतरांनी काय केलं. मजकूर तोच आहे का, हे बघायला प्रत्येक पोस्टचा एक ठसा काढला जातो. ठसा म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा आकडा. एखाददुसरा शब्द इकडेतिकडे केला तरी जवळपास सारखा राहील असाही तो काढता येतो.

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. फेसबुकच्या अभियंत्यांनी 2015 मध्ये आपल्या ‘सिग्मा’ या स्पॅमविरोधी यंत्रणेबद्दल लिहिलं होतं, तेव्हाच ती दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त विनंत्या तपासत होती. प्रत्येक पोस्ट, प्रत्येक लाइक, प्रत्येक मैत्रीची विनंती या चाळणीतून जाते. मधे माणूस बसलेला नसतो आणि इतक्या प्रमाणावर तो बसवणं शक्यही नाही.

पंचवीस ग्रुप, दहा मिनिटं

आता त्या कार्यशाळेकडे या. एक छायाचित्रकार घ्या, कल्पनेतलीच. तिने पोस्टर बनवलं, चार ओळी लिहिल्या, नोंदणीच्या फॉर्मची लांब लिंक बरी दिसावी म्हणून ती छोटी करून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत कामाला लागली. पहिल्या ग्रुपमध्ये पेस्ट, दुसऱ्यात पेस्ट, तिसऱ्यात. यांतल्या पंधरा ग्रुपमध्ये ती गेल्याच आठवड्यात शिरली होती आणि तिथे तिने आजवर एक शब्दही लिहिला नव्हता.

तिच्या मनात काय होतं, तर चांगली कार्यशाळा आहे, लोकांना कळायला हवी. यंत्रासमोर आलेलं चित्र असं: एकच ठसा दहा मिनिटांत पंचवीस वेळा. दोन पोस्टींमध्ये वीस-पंचवीस सेकंद. लिंक छोटी केलेली, खरा पत्ता झाकलेला. ती छोटी करून देणारी सेवा फसवणुकीच्या लिंकसाठीही वापरली जाते, त्यामुळे तिची पत आधीच गेलेली. पंधरा ठिकाणी या खात्याचा कोणाशी काहीच संबंध नाही. मग पाचव्या-सहाव्या ग्रुपमध्ये दोघांनी पोस्ट लपवली, एकाने रिपोर्ट केलं. इतक्या खुणा एकत्र आल्यावर चोरीला गेलेल्या खात्यावरून चाललेला बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट करणारा प्रोग्राम, आणि ही छायाचित्रकार यांच्यात फिल्टरला फरक दिसत नाही. दोघांचं वागणं खरोखरच सारखं आहे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ठसा एकदा स्पॅम ठरला की त्या ठशाच्या सगळ्या पोस्टी मागे जाऊन काढता येतात. म्हणून ज्या दोन ग्रुपमध्ये तिला वर्षानुवर्षं ओळखतात, जिथे लोकांनी ‘मी येणार’ असं खाली लिहिलंही होतं, तिथलीही पोस्ट गेली.

अचूक फिल्टरही निरपराधांना का पकडतो?

इथे आकडेमोड करून बघायला हवी, कारण अंदाज हमखास चुकतो. समजा फिल्टर 99 टक्के अचूक आहे: शंभर स्पॅममधले नव्याण्णव पकडतो आणि शंभर चांगल्या पोस्टींमध्ये एकच चुकीने अडवतो. दहा लाख पोस्टी आल्या आणि त्यांत शंभरात एक स्पॅम आहे असं धरा. म्हणजे स्पॅम 10,000, त्यांतले 9,900 पकडले गेले. चांगल्या पोस्टी 9,90,000, त्यांतल्या एक टक्का म्हणजे त्याही 9,900. अडवलेल्यांच्या ढिगात निम्मे निर्दोष! फिल्टर ढिसाळ होता असं नाही; चांगल्या पोस्टी मुळातच इतक्या जास्त असतात की त्यांतला छोटासा हिस्साही मोठा आकडा होतो.

अचूकता 99.9 वर नेली की चित्र पुष्कळ सुधारतं, पण हा व्याप केवढा आहे ते बघा. 2019 च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकने सुमारे 180 कोटी स्पॅम गोष्टींवर कारवाई केली आणि सुमारे 220 कोटी बनावट खाती बंद केली. एवढ्या आकड्यांत हजारातली एक चूकही लाखो माणसांच्या वाट्याला येते.

म्हणून नेटवर्कं थेट काढून टाकण्याआधी मधल्या पायऱ्या ठेवतात. खात्री दाट असेल तर पोस्ट काढायची. शंका असेल तर चित्रांचं कोडं सोडवायला लावायचं, म्हणजे कॅप्चा. काही तास पोस्ट करू द्यायचं नाही. किंवा पोस्ट राहू द्यायची पण कमी लोकांना दाखवायची. आकडा आठ-दहावर अडकण्याचं एक कारण ही शेवटची पायरी असू शकते.

‘मग स्वतःबद्दल बोलायचंच नाही का?’

बोलायचं, जरूर बोलायचं. ज्याला स्वतःचं काम लोकांपर्यंत न्यायला दुसरं साधन नाही त्याने गप्प बसावं असं कोणीही म्हणू नये. फरक पडतो तो मागणीमुळे. तुमच्या स्वतःच्या पानावर तुम्ही रोज तुमच्याच चित्रांबद्दल लिहिलंत तर काही बिघडत नाही. तिथे आलेले लोक त्यासाठीच आलेत आणि कंटाळले तर निघून जातील. तीच पोस्ट तुम्ही पन्नास जणांना टॅग करून त्यांच्या नावावर चिकटवलीत, की त्यांनी न मागितलेली गोष्ट त्यांच्या घरात शिरली.

रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने अनेक वर्षं एक ढोबळ प्रमाण सांगितलं होतं: तुमच्या दहा सहभागांपैकी स्वतःच्या कामाबद्दल साधारण एक असावा. तो आकडा काटेकोर पाळण्याचा नव्हता. तिथे तुम्ही माणूस म्हणून वावरता की फक्त भोंगा घेऊन येता, हे ओळखायची ती सोपी खूण होती. ग्रुपचे ॲडमिनही नेमकं हेच बघतात, आणि माझ्या मते यंत्रापेक्षा ॲडमिनचा निर्णय पुष्कळदा योग्य असतो, कारण त्याला संदर्भ कळतो. त्याला आधी विचारून, त्याच्या होकारानंतर, त्या ग्रुपला उद्देशून नव्याने लिहिलेली एक पोस्ट पंचवीस ठिकाणच्या कॉपी-पेस्टपेक्षा जास्त माणसं आणू शकते. त्या छायाचित्रकाराने पक्ष्यांच्या ग्रुपमध्ये पक्ष्यांचे फोटो दाखवले असते, काढताना काय अडलं ते लिहिलं असतं आणि शेवटच्या ओळीत कार्यशाळेचा उल्लेख केला असता, तर ती जाहिरातही ठरली असती आणि वाचणाऱ्यांसाठी भेटही.

फॉलोअर विकत घेण्याचा मोह मात्र आवरावा. ती खाती बहुतेक बनावट असतात आणि साफसफाईत जातात. डिसेंबर 2014 मध्ये इन्स्टाग्रामने अशी खाती काढली तेव्हा मोठमोठ्या कलाकारांचे लाखो फॉलोअर एका दिवसात नाहीसे झाले. बनावट फॉलोअर विकणाऱ्या देवूमी या कंपनीवर 2019 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. ‘तू माझी पोस्ट लाइक कर, मी तुझी करतो’ अशा टोळ्याही याच जातीच्या: ठरावीक पंधरा खाती एकमेकांवर नेहमी पहिल्या पाच मिनिटांत तुटून पडतात, हा नमुना यंत्राला सहज दिसतो.

‘लोकांनी पैसे भरावेत म्हणूनच रिच कापतात’

रिच म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचते ते. या आक्षेपात तथ्य आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींची त्यात गल्लत होते. स्पॅम फिल्टर ही एक यंत्रणा. फीडमध्ये आधी काय दाखवायचं हे ठरवणारी क्रमवारी ही दुसरी. फिल्टरने तुम्हाला हातही लावला नसला तरी क्रमवारीत तुम्ही मागे पडू शकता. फेसबुकने 2014 मध्ये सांगितलं होतं की एक माणूस ॲप उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी 1,500 पोस्टी रांगेत असतात आणि त्यांतल्या साधारण 300 निवडल्या जातात. डिसेंबर 2017 मध्ये फेसबुकने ‘सहमत असाल तर लाइक करा’, ‘तीन मित्रांना टॅग करा’ अशा लाइक मागणाऱ्या पोस्टींना खाली ढकलायचं जाहीर केलं, आणि लगेच जानेवारी 2018 मध्ये पेजपेक्षा मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टींना वरचं स्थान दिलं. अनेक पेजची रिच तेव्हा घसरली, त्यांची चूक काहीच नसताना.

फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिचं उत्पन्न जवळपास सगळं जाहिरातींतून येतं. ज्याची फुकटची रिच घटली तो पैसे भरायला तयार होतो, हे कंपनीला कळत नसेल असं मानायचं कारण नाही. तरी स्पॅम फिल्टर त्यासाठीच बनवलाय, हे मला पटत नाही. फिल्टर बंद केला तर सगळ्यात आधी बुडेल तो हाच छोटा, प्रामाणिक माणूस. घाऊक पाठवणाऱ्यांच्या वेगाशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही.

न सांगता दिलेली शिक्षा

माझा खरा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. पोस्ट लिहिणाऱ्याला दिसते, बाकीच्यांना दिसत नाही किंवा फार थोड्यांना दिसते, आणि हे त्याला कोणी सांगत नाही. याला शॅडोबॅन म्हणतात. कंपन्यांचं म्हणणं असं की कारण सांगितलं तर स्पॅमवाला लगेच सावध होऊन युक्ती बदलेल. बॉटच्या बाबतीत ते खरं आहे. पण आठ महिने मेहनत करून काही बनवलेल्या माणसाला आपलं काम लोकांना आवडलं नाही की लोकांपर्यंत पोहोचलंच नाही, हे कळू न देणं अन्याय आहे. नेमकी मर्यादा सांगू नका. ‘एकाच मजकुराची वारंवार पोस्ट’ एवढं सांगायला काय हरकत आहे?

युरोपीय संघाने हे कायद्यात आणलं आहे. डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट 17 फेब्रुवारी 2024 पासून तिथल्या सगळ्या नेटवर्कांना लागू झाला. पोस्ट काढली किंवा खाली ढकलली तर कारण द्यावं लागतं, आणि तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. फसव्या, घाऊक व्यापारी मजकुराला कारण देण्यातून सूट आहे, म्हणजे स्पॅमवाल्याला सावध करण्याचा धोकाही टाळला आहे. हे जमतं, याचा तो पुरावा म्हणायला हरकत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण

शब्द तोडायला स्पॅमवाले न दिसणारी अक्षरं वापरतात. अशी अक्षरं दिसली की संशय घ्यावा, असा नियम इंग्रजीपुरता शहाणपणाचा वाटतो. पण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला आडवा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो, आणि त्यांतल्या एका प्रकारात र आणि य यांच्या मधे असंच एक अदृश्य अक्षर असतं. साधं शुद्ध मराठी लिहिणारा माणूस ते नकळत वापरत असतो. ढोबळ नियम त्याला लबाड ठरवेल. शिवाय एकच शब्द दोन प्रकारे लिहिला गेल्याने यंत्र त्याला दोन वेगळे शब्द समजू शकतं. शब्दांवरून शिकणाऱ्या यंत्रणेला जितका मजकूर मिळेल तितकी ती शहाणी होते, आणि मराठी मजकूर तिला इंग्रजीच्या मानाने फारच थोडा मिळतो. म्हणून चुकीने अडकलेल्या मराठी पोस्टीवर कंटाळा न करता अपील करावं.

अडकलात तर

आधी पासवर्ड बदला आणि तुमच्या खात्यात कोणत्या बाहेरच्या ॲपना परवानगी आहे ते बघा. फॉलोअर वाढवून देणारी किंवा ‘तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं’ सांगणारी ॲप तुमच्या नावाने परस्पर लाइक आणि संदेश पाठवत असू शकतात. ती लगेच काढा. इन्स्टाग्रामवर ‘अकाउंट स्टेटस’ या पानावर तुमच्या पोस्टी अनोळखी लोकांना सुचवल्या जातायत का, हे कळतं.

काढलेली पोस्ट पुन्हा टाकू नका, एखादा शब्द बदलूनही नको. ठसा तोच निघतो आणि पहिली शंका पक्की होते. दुसरं खातं उघडून टाकणं तर बंदी चुकवण्यातच जमा होतं. काही दिवस वेग कमी ठेवा, छोट्या लिंकऐवजी पूर्ण पत्ता द्या.

अपील करताना रागाचं पान लिहिण्यापेक्षा तीन गोष्टी लिहा: ही पोस्ट कशाबद्दल होती, ती कोणासाठी होती, आणि कोणत्या ग्रुपच्या ॲडमिनने तिला परवानगी दिली होती. परवानगीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडता आला तर जोडा. जोडायची सोय नसेल तर ॲडमिनलाच सांगा, त्याच्या ग्रुपमधल्या अडवलेल्या पोस्टींची यादी त्याला दिसत असेल तर तुमची पोस्ट तो तिथून सोडवू शकतो.